माळवदावर किती माती होती?

उदगीरहून एका प्राथमिक शिक्षकांनी विचारलं आहे: "मुलगी लातूरला सायन्स घेऊन बारावी झाली. दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा हुकली. आता म्हणते, पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्सला जायचं, मानवी अवस्थेचा आंतरविद्याशाखीय अभ्यास करायचा. पत्रक वाचलं तर त्यात इतिहास आहे, जीवशास्त्र आहे, तत्त्वज्ञान आहे, नाटकसुद्धा आहे. ही खिचडी आहे की शिक्षण? आणि आमच्यासारख्याच्या पोरीनं ते कशाला शिकावं?"

गुरुजी, खिचडीचा तुमचा संशय रास्त आहे. ती मी स्वतः शिजवलेली आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली शेवटची चौदा वर्षं असा एक वर्ग चालवला, ज्याला वेळापत्रकात 'पायाभूत अभ्यासक्रम' म्हणत आणि पोरं 'सगळ्यांचा तास' म्हणत. पहिल्या वर्षी विषय घेतला 'दुष्काळ आणि माणूस'. भूगोलाचे सर आले, पर्जन्यछायेचा नकाशा काढून गेले. अर्थशास्त्राच्या मॅडमनी रोजगार हमी सांगितली. मराठीच्या सरांनी दोन कविता वाचल्या, आवाजही छान लावला. सहा जण, सहा तास, सहा टिपणं. परीक्षेत पोरांनी ती सहाही टिपणं एकाखाली एक उतरवून काढली. पाऊस कमी हेच कारण असेल, तर बहात्तर साली ज्या गावात विहिरींना पाणी होतं तिथला शेतमजूरही खडी फोडायला का गेला, हे एकानंही विचारलं नाही. विचारणार कसं? आम्ही सहा जण तरी स्टाफरूममध्ये एकमेकांना कुठं विचारत होतो. भजनी मंडळासारखं एकानं धरलं की दुसऱ्यानं ओढलं, एवढंच.

त्या वर्षी एक गोष्ट कळली. अशा अभ्यासात प्रश्न एकच लागतो, आणि विषयांनी तो वाटून घ्यायचा नसतो. एका विषयाचं उत्तर दुसऱ्यानं तपासायचं असतं, अडवायचं असतं. हे होत असेल तर शिक्षण, नसेल तर तुमची खिचडी.

'मानवी अवस्था' हा शब्द पत्रकात भारदस्त दिसतो. साधं सांगायचं तर माणसाच्या जन्माला आलं की जे कुणाला चुकत नाही ते: देह, भूक, कष्ट, सोबत, अपमान, आशा, मरण. गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्यापाशी यातलं निम्मं एकत्र बसलेलं आहे. कष्ट अर्थशास्त्राकडं, देह वैद्यकाकडं, अपमान समाजशास्त्राकडं ही वाटणी विद्यापीठांनी आपल्या सोयीसाठी केली. ती वाईट नाही, तिच्यामुळं बारकाई आली. पण माणसाचा एक दिवसही त्या वाटणीप्रमाणं जात नाही.

दुसऱ्या वर्षी मी फळ्यावर एवढंच लिहिलं: किल्लारीत माणसं कशानं मेली?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच्या गणपती विसर्जनानं दमलेली माणसं गाढ झोपेत. वर्गातून लगेच उत्तर आलं, भूकंपानं. मी म्हटलं, भूकंपानं जमीन हलते. जमीन हलल्यानं माणूस मरतो का? मग घर पडल्यानं. घर का पडलं? इथं वर्ग गप्प झाला आणि आमचे पुढचे तीन आठवडे सुरू झाले.

भूगोलाच्या सरांनी सांगितलं की दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात पहिला पट्टाच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, हादरे बसले होते तेही त्यांनी सांगितलं. पण ६.२ च्या आसपासच्या प्रत्येक धक्क्यात इतकी माणसं जात नाहीत, इथं हजारोंनी गेली. म्हणजे भूगर्भशास्त्राचं उत्तर खरं, पण अर्धं.

मग आम्ही एक माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत, मोजलं. कॉलेजपासून दोनेक कोसांवर एक जुना वाडा उतरवणं चाललं होतं. ढाळज, म्हणजे दरवाजाशेजारची बैठकीची जागा, पाडून झाली होती, आतला खण शिल्लक होता. दोन पोरं शिडीनं वर चढली. कापलेल्या कडेला थर स्पष्ट दिसत होते: खाली तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाल्याचा काळपट पडलेला थर आणि मग माती. टेप लावला. एका कोपऱ्यात माती एक फूट नऊ इंच भरली. खोली दहा बाय बारा. फिजिक्सच्या पोरानं तिथंच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दोनशे दहा घनफूट माती, घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी साडेनऊ हजार किलोच्या जवळपास. तो वहीकडं बघत म्हणाला, "सर, हा तर भरलेला ट्रक आहे." डोक्यावर भरलेला ट्रक उभा करून चार पिढ्या त्या खोलीत झोपल्या होत्या.

इतकी माती का? घरमालकाची आई ओसरीच्या उरलेल्या दगडावर बसली होती. ती म्हणाली, "गळलं की टाकायची. पहिली काढतंय कोण?" दर दोन-तीन पावसाळ्यांनी एक थर. स्थापत्यशास्त्राला जे वजन दिसतं ते खरं तर न काढलेल्या मातीचा इतिहास असतो. आणि मुळात माती का, याचं उत्तर आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसलेल्या कुणालाही द्यावं लागत नाही. भिंती दोन-अडीच फूट जाड का, तर त्या म्हातारीनं उन्हाचं नाव आधी घेतलंच नाही. ती म्हणाली, चोराला भोक पाडायला रात्र पुरू नये म्हणून, आणि मग आवाज खाली आणून, रझाकाराच्या टायमाला याच खोलीत बायका कोंडून घेतल्या होत्या म्हणून. ज्या भिंतीनं १९४८ ला वाचवलं तीच पुढं, चिखलात रचलेले गोटे आतून सुटे असल्यामुळं, जीव घेणारी. आता सांगा, ही भिंत चूक होती की बरोबर? कोणत्या विषयाला विचारणार?

मराठीच्या सरांनी इथं जे सांगितलं ते मला स्वतःला नवीन होतं. माळवदावर टाकायची ती 'पांढरी' माती, आणि जुन्या कागदपत्रांत गावठाणालाही 'पांढरी' म्हणतात, शेतशिवाराला 'काळी'. शेकडो वर्षं घरं पडून, त्यांची राख-माती होऊन गावाची जमीन पांढरी होते. तीच गढीच्या उतारावरून टोपल्यांनी आणून लोक पुन्हा छतावर घालतात. म्हणजे त्या ट्रकभर वजनात आधीच्या पिढ्यांची घरंच होती. वर्गातली एक पोरगी खिडकीतून बाहेर बघत राहिली, तिनं त्या तासाला काही लिहिलं नाही. तिचं आजोळ भूकंपात पडलेल्या सास्तूरकडचं होतं, हे मला नंतर कळलं.

पुढं समाजशास्त्राच्या मॅडमनी प्रश्न उलटा केला: मेलं कोण, ते सोडा. वाचलं कोण? कुडाच्या भिंती आणि वर पाचट किंवा पत्रा असलेली घरं हलकी. ती पडली तरी आतली माणसं त्या मानानं वाचली. म्हणजे ज्यांच्याकडं दगडी वाडा बांधायची ऐपत नव्हती, गावकुसाच्या कडेला ज्यांना राहावं लागलं, त्यांच्यावर त्या रात्री कमी वजन पडलं. नंतर पुनर्वसन झालं. बावन्न गावं नव्या जागी हलवली. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांच्या वर असलेल्याला ७५०. हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "भूकंपानं उलटं केलेलं सरकारनं सुलटं केलं." वर्गात हशा पिकला आणि लगेच थांबला. एरवी तासाला झोपणारं पोरगं ते.

मी मुद्दाम विचारलं, मग सगळ्यांना सारखं घर द्यायला हवं होतं का? बैलजोडी, कडबा, बी-बियाणं, अवजारं घरातच ठेवणाऱ्या कुटुंबाला २५० फुटांत काय मावेल? त्यावर दोन दिवस भांडण झालं. मी निकाल दिला नाही. माझं स्वतःचं मत आहे, ते त्यांनी मला चहाच्या टपरीवर विचारलं तेव्हा सांगितलं, वर्गात नाही.

शेवटच्या तासाला मी विचारलं, हे सगळं कळल्यावर घरी जाऊन कुणी काय केलं? बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं. एकाचं घर अजून माळवदाचं होतं, उतरवायला पैसे नव्हते. तो म्हणाला, आजीची बाज भिंतीजवळून काढून मधल्या खांबापाशी ओढली. भूकंपात पुष्कळ घरांचे लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, हे इंजिनिअरांनी नंतर टिपलेलं त्यानं वर्गात ऐकलं होतं. आजी भांडली. भिंतीकडं तोंड करून झोपायची तिची सत्तर वर्षांची सवय. दोन रात्रींनी बाज परत भिंतीशी. मानवी अवस्था कशाला म्हणतात असं कुणी विचारलं, तर मी अजून हीच बाज सांगतो.

सगळे विषय असे फुलत नाहीत. लातूरच्या पाण्याच्या रेल्वेवर, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आलेल्या त्या गाडीवर, मी एक सत्र घालवलं आणि वाया गेलं. सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं. प्रश्न पडायला थोडं अनोळखीपण लागतं.

'खाडा' या शब्दावरचा वर्ग मात्र जमला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं आमच्याकडं भरपूर. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', मुकादमाकडून उचल, आणि एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड कापणार. हा शब्द हिशेबाच्या वहीतला. तो बाईच्या देहात कसा शिरतो ते बघा: पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, पोटात दुखतंय म्हणून फडात खोळंबा नको, म्हणून 'पिशवी' काढून टाकायची. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शेकडा सतराच्या जवळपास. देशपातळीच्या पाहणीत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास दिसतं. वर्ग पेटला. तेवढ्यात सांख्यिकीची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "दोन्ही पाहण्यांत कोणत्या वयाच्या बायका धरल्या, ते बघितल्याशिवाय हे आकडे शेजारी ठेवता येणार नाहीत." तिच्यावर दोन-तीन जण चिडले. तिची स्वतःची आई फडावर जायची, हे चिडणाऱ्यांना माहीत नव्हतं. राग खरा असला म्हणून आकडा सैल सोडायचा नसतो. आणि आकडा घट्ट झाला म्हणून राग ओसरायचंही कारण नाही. वीस-बावीसच्या वयात या दोन गोष्टी एका डोक्यात बाळगता यायला लागल्या, तर माझ्या लेखी फी वसूल झाली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आमच्यासारख्याच्या पोरीनं हे कशाला शिकावं. त्यात एक जुना काटा आहे. लिबरल हा शब्द लॅटिनमधला, 'स्वतंत्र' या अर्थाचा. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या सात विद्या स्वतंत्र माणसासाठी, हातानं राबणाऱ्या गुलामासाठी नव्हेत, अशी ती मूळची कल्पना. म्हणजे ज्याला पोटाची चिंता नाही त्याचं शिक्षण. आजही पुष्कळ ठिकाणी त्याला तोच वास आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

पण आपल्याकडं हे उलटं झाल्याचं उदाहरण लांब शोधायला नको. डॉ. आंबेडकर १९१३ ला कोलंबियाला गेले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तरी त्यांनी तिथं इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही अभ्यासक्रम घेतले. भारतातल्या जातींवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध, मे १९१६ मधला, वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं लग्नाच्या चालीरीतींवरून जातीची उपपत्ती मांडायची, याला आज आपण आंतरविद्याशाखीय म्हणतो. त्यांना तसं नाव द्यायची गरज पडली नाही, प्रश्न त्यांच्या अंगावर होता. आणि १९५० ला त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याचं नाव ठेवलं मिलिंद. अवघड प्रश्न विचारून भल्याभल्यांना गप्प करणारा राजा, आणि त्याला उत्तरं देणारा नागसेन, म्हणून तो परिसर नागसेनवन. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हतं, ते १९५८ ला आलं. राबणाऱ्यांच्या पोरांसाठी काढलेल्या कॉलेजाला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव! तुमच्या पोरीनं का शिकावं, याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे.

राहिला पैशाचा भाग. पुण्यातल्या खासगी विद्यापीठांत फी वर्षाला लाखांत जाते, राहणं-खाणं वेगळं. त्यासाठी शेत गहाण टाकायचा विचार असेल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. शिष्यवृत्ती किती टक्के, ती दुसऱ्या वर्षी टिकते का आणि कोणत्या अटीवर, हे लेखी घ्या. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नावर आधारित सवलत मिळते, तिथं अर्ज करून बघा. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, तिथं सध्या पदवीला काय चालू आहे ते जाऊन विचारा. उदगीरहून एका दिवसात परत याल. आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता साध्या संलग्न कॉलेजातही मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय, आलेत, दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा लागतो, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात मी असंही एक कॉलेज पाहिलं, जिथं सायन्सच्या पोरांना शाखेबाहेरचा विषय म्हणून जो प्राध्यापक रिकामा होता त्याचा विषय वाटून दिला आणि हजेरी घरबसल्या लावली. त्यामुळं पत्रक वाचू नका. तिथं दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराला गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: दोन शिक्षक एका वर्गात एकाच वेळी उभे राहून कधी एकमेकांशी असहमत झाले का, आणि गेल्या वर्षात तू वर्गाबाहेर जाऊन काय मोजलंस किंवा कुणाला ऐकलंस? तो डोकं खाजवू लागला तर परतीची एसटी पकडा.

इंग्रजीचा धाक तिला बसेल. पहिलं सहामाही सत्र रडण्यात जाईल, हे आधीच सांगून ठेवा. आमच्या मराठी माध्यमातल्या पोरांचं अडतं ते शब्दांपाशी, विचारापाशी नाही. पांढरी, खाडा, उचल, ढाळज हे शब्द तिच्याकडं आहेत, पुण्यात तिच्या शेजारी बसणाऱ्यांकडं नसतील. याचा फायदा घ्यायला तिला कुणीतरी शिकवावं लागेल.

नोकरीचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. त्या वर्गातली एक मुलगी भूजलावर काम करणाऱ्या संस्थेत आहे, एक जण तलाठी आहे, एक वर्तमानपत्रात होता, आता नाही. बाज ओढणारा शेती करतो आणि जोडीला गावोगाव घरं बांधायची गुत्तं घेतो. या अभ्यासानं थेट नोकरी मिळाली असं मी एकाबद्दलही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नीटसारखी एका परीक्षेची एक खुर्ची इथं नाही. ज्या घराला चार वर्षांनी हमखास पगार हवाच आहे त्यांनी नर्सिंग, बी.एस्सी. कृषी यांचा आधी विचार करावा, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

प्रवेशाची तारीख यायच्या आत एक करा. उदगीरच्या जुन्या भागात तुमच्या नात्यात कुणाचं तरी माळवदाचं घर असेलच. पोरीला एक टेप आणि वही देऊन तिथं दिवसभर सोडा. सोबत जाऊ नका. मोजून, विचारून, तिनं दोन पानं लिहावीत, आणि खाली तिला स्वतःला सुटलेले नाहीत असे तीन प्रश्न. सुटलेले नकोत. ती पानं मला पाठवा. ती कंटाळून दुपारी तीनलाच परत आली, तर तेही कळवा.